चाड्याचं पेन

एकशेवीस, दोनशेचाळीस, चारशे, सहाशे.
काचकागदाचा एकही नंबर गाळायचा नाही.
गाळलास की तो बरोबर बाईच्या हाताला लागतो,
असं यादव कातारी म्हणायचे.
ते लाटण्यांबद्दल बोलत.
मी पेनं कातायला लागलो तेव्हा ते नव्हते,
नाहीतर बाईच्या जागी त्यांनी फोटो म्हटलं असतं.

पारोळ्यात, धरणगाव रस्त्याला,
पंक्चरवाल्याला लागून माझं आठ बाय दहा.
सागाची पेनं, बाभळीची, अंजनाची.
अंजन पाण्यात बुडतं, पटाशीची धार खातं,
पण एकदा ऐकलं की ऐकलं.

या खेपेला भिकन सरांनी पेपरात गुंडाळून
पाभरीचं चाडं आणलं.
पाभर कधीच चुलीत गेली, हे तेवढं राहिलेलं.
लेक तलाठी झाली तिच्यासाठी.
सगळं आता ऑनलाइन आहे, म्हणाले,
पण सही तरी हातानेच करते ना.

चाड्यात बोट फिरवून पाहिलं.
हा कुठल्या नंबरचा कागद?
दोन हजाराच्या पुढे माझ्याकडे काही नाही.
ज्वारीचा असणार, मीच ठरवलं,
मूठ-मूठ, तीस-चाळीस पेरण्यांचा.

दोन तुकडे निघाले, अडीच-अडीच इंचांचे.
खालच्याला दाणा पडायच्या भोकाची कड आली.
नळी बसवली तर त्या भोकातून
पितळ दिसायला लागलं.
भुसा कालवून बुजवणार होतो.
गोंदाची बाटली उघडली,
आणि टोपण पुन्हा लावलं.

लेथ बंद करून रेषेरेषेने घासलं,
चालू लेथवर आडवी वळी राहतात.
मग स्पिरिटातली चपडी,
जुन्या बनियनच्या बोळ्याने बारा हात,
प्रत्येक हातानंतर एक बिडी
(ओढायची बाहेर, स्पिरिटपासून लांब),
शेवटी मेण.

उरला उजेड.
चैतातला आमचा उजेड नवशिक्याच्या पटाशीसारखा,
टेकेल तिथे खणतो.
म्हणून आठ वर्षं मी गोजराबाईंच्या
चुन्याच्या भिंतीवरून उसळलेला वापरत आलो.
यंदा नातवाच्या लग्नात ती भिंत पोपटी झाली
आणि माझी सागाची पेनं
कच्च्या कैरीसारखी यायला लागली.

गोजराबाई धाब्यावर बिबडे वाळवत होत्या.
"इतलं कसाले घासी ऱ्हायना रे?
आन फोटू? पेनना?"
असं म्हणत त्यांनी एक धोतर झटकून खाली टाकलं,
पांढरं, बिबड्यांच्या गोल-गोल खुणांचं.
ते बाजेवर उभं ताणलं. पेन पाटीवर ठेवलं.

पेनावर उजेडाची एकच रेघ हवी,
टोपणापासून निबापर्यंत, न तुटता.
रेघ आली, आणि मधेच थरथरली.
फोन मोठा करून पाहिलं:
दोनशेचाळीस गाळला नव्हता,
घाईत फिरवला होता.
डोळ्याने सोडून दिलेलं
फोन तोंडावर सांगतो.
मेण, चपडी, सगळं उतरवलं.
पुन्हा दोनशेचाळीस.

तिसऱ्या सकाळी रेघ सरळ गेली,
भोकाशी जराशी वळसा घेऊन
पुढे गेली.
सरांना पाठवला.
"सुंदर. ते भोक बुजवाल ना?"

मोठं उत्तर लिहिलं. खोडलं.
मापासाठी लोक शेजारी नाणं ठेवतात.
मी गोजराबाईंकडून ज्वारीचा दाणा मागून आणला,
भोकाजवळ ठेवला,
दुसरा फोटो पाठवला.

दोन निळ्या खुणा. दिवसभर काही नाही.
रात्री नऊला:
"आमचं रान हलकं. त्यातून बाजरी पेरायचो.
भोक राहू द्या."

उजेड साडेसातला भिंतीवर येतो.
धोतर परत मागितलंय.
बाजरी पाहतोय कुणाकडे मिळते,
एक दाणा.